गाठीच्या मागे कापलेली ओळ

धाकट्या बहिणीला अण्णांची बोलणी बसायची, याचा मला हेवा वाटायचा. ऐकणारे हसतात. हसू देत.

आमची द्राक्षबाग निलंग्याच्या बाजूला. भूकंपात घराच्या दगडी भिंती फुगल्या आणि आम्ही बागेतच, मांडवाखाली मुक्काम टाकला. त्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी तिथेच राहून केली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कातर चालवत पुढे आणि आम्ही दोघी बहिणी मागून काड्या गोळा करत. मधूनच जमीन हलायची. माझ्या डोक्यात मात्र एकच, कातर माझ्या हाती कधी येणार?

कातर मिळाली धाकटीला. मला दहावीला मार्क चांगले पडले, तेच नडले. लातूरला क्लासचं वारं सुटलं होतं, माझीही ट्रंक भरली गेली. गावात सगळे म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. आणि मी तिकडे फिजिक्सच्या तासाला बसून, आत्ता धाकटी मांडवाखाली काय करत असेल, या विचाराने जळत होते.

दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेले, तर तिच्या तळहाताला घट्टे पडलेले. ती ते मुद्दाम दाखवते आहे असंच मला वाटलं. अण्णा भर बागेत तिला झापत होते, "अक्कल कुठं ठिवलीस? अशी कापत्यात का काडी?" मग मला बघून आवाज एकदम मऊ. "तू उन्हात कशाला आलीस बाई? जा, चहा घी." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कातर मागितली. लगेच मिळाली, कडेची एक ओळही मिळाली. काडीवर एक गाठ असते. तिच्या पुढे एखादा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखून कापायचं. घड तिथूनच निघतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण शेजारच्या ओळीत धाकटी भराभर पुढे निघाली होती, आणि तिला मागे टाकायच्या नादात मी गाठीच्या मागेच कापत सुटले.

दिवाळीला आले, तेव्हा बागभर बारीक बारीक घड दिसू लागले होते. माझ्या ओळीत नुसता पाला. अण्णा तिथेच उभे होते. मी जवळ गेले. भीती वाटत नव्हती. आता तरी मला बोलतील, अशी आशा होती.

"माझ्यानंच झालं, अण्णा."

"असू दे बाई. तुझा काय दोष न्हाई." मग वळून ते धाकटीवर कडाडले, "तुझं ध्यान कुठं होतं गं? पाहुणीनं कातर धरली तर मागून बघाय नगं?"

माझ्या ओळीची बोलणीसुद्धा तिलाच मिळाली.