हलायचं नाही

नवऱ्याचा पहिला फटका कायम कानाखाली यायचा. दुसरा कुठे बसेल याचा नेम नसायचा. नागोठण्याला कंपनीत तो क्रेन चालवायचा, कुठलं वजन किती अलगद टेकवायचं ते त्याला बरोबर कळायचं. घरात आला की ती सगळी अक्कल गेटवर ठेवून यायचा मेला. माझा एक दात त्याने पाडलाय. कालवणात मीठ कमी पडलं, सासूला उलट बोलले, जोह्याहून येताना एसटी चुकली, कारण काहीही चालायचं.

जोह्याला मी गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे काढते. आम्ही बौद्ध, आमच्या घरात गणपती बसत नाही. पण दुसऱ्यांच्या देवाचे डोळे काढून माझं पोट भरत असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. कितीतरी मूर्तींचे डोळे मी एका डोळ्याने काढलेत, कारण दुसरा सुजून बंद झालेला असायचा. कामावरच्या बायका विचारायच्या, "काय झालं गो?" मी सांगायचे, दार लागलं. आमच्या पेणमधली दारं फार मारकुटी, दुसरं काय.

विहारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विपश्यनेच्या शिबिराला जायला सांगितलं. सासूने लगेच परवानगी दिली. तिथे तोंड बंद ठेवायला लावतात, एवढंच तिच्या कानावर आलं होतं.

खोटं कशाला बोलू, शिबिरात मला सुख लागलं. पहिलं सुख म्हणजे कुणी हात उगारत नव्हतं. आधी नाकातून येणारा-जाणारा श्वास बघायचा, मग अंगात जे जे उठेल ते बघायचं. अधिष्ठानाच्या बैठकीत तर ठरवून बसायचं, की हात, पाय, डोळे काही झालं तरी हलवायचे नाहीत. गुडघ्यात आग पेटायची. नुसतं तिच्याकडे बघत राहिलं की ती वाढायची, थरथरायची आणि विरून जायची. आलेलं दुःख जातं, हे मला माझ्या गुडघ्याने शिकवलं. त्या शिकवणीत काही खोट नव्हती, आजही मी रोज बसते.

पण घरी आल्यावर मी ते अधिष्ठान माराला लावलं. त्याने हात उगारला की मी खाली मांडी घालायची आणि डोळे मिटायचे. गाल तापला, ठणकला, मुंग्या आल्या, उतरला. पाठीवर पट्टा बसला, तिथे जाळ उठला, तोही उतरला. पहिल्यांदा तो गोंधळला. मग चेकाळला. गप्प माणसाला किती लागलं ते मारणाऱ्याला समजत नाही, आणि त्याला समजून तरी काय करायचं असतं? सासू शेजारणींना सांगायची, "शिबिरानं सून सुधारली, आता हूं नाय की चूं नाय." विहारात बायका म्हणायच्या, केवढी ही समता, मन जरा म्हणून ढळत नाही. एक नवी सून तर माझ्या पाया पडली. मला ते गोड वाटायचं. मार वाढला होता, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, आणि माझी पोर हे सगळं कोपऱ्यातून बघत होती.

पोर तेव्हा चौथीत होती. बाप तिच्यावर चिडला की ती पळून शेजारी जायची, तिची तेवढी तरी सोय होती. सणाच्या आधी कारखान्यात कामाची घाई असते, तशात एका संध्याकाळी मी घरी आले तर चपराक दारातच ऐकू आली. तिच्या हातून बापाचा मोबाईल बादलीत पडला होता. तिची वेणी त्याच्या मुठीत होती. त्याने तिला भिंतीवर ढकललं आणि ती खाली घसरली.

दार उघडं होतं. ती पळाली नाही. तिने पाय आत ओढले, मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. नाकातून रक्त ओठावर येत होतं, ते तिने पुसलं नाही. त्याने कुशीत लाथ घातली. ती कलंडली, सावरली आणि पुन्हा तशीच बसली.

"आईवर गेली हाय," सासू म्हणाली. "गुणाची पोर."

माझ्या पोटातून राग वर आला. मी श्वास बघितला. तो आत येत होता, बाहेर जात होता. राग तिथेच होता, तरी डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी भिंतीला लावलेला जेवणाचा पाट उचलला आणि त्याच्या उगारलेल्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. तिसऱ्यांदा पाट उचलला होता, पण नवरा उठत नव्हता, म्हणून खाली ठेवला.

"अगो, हेच शिकलीस काय तिथं?" सासू बोंबलली.

"व्हय," मी म्हटलं.

मी पोरीजवळ बसले. ओढणीने तिचं नाक पुसलं. तिला म्हटलं, चल, आपण रोह्याला आजीकडे जातोय, परत यायचं नाही. ती डोळे उघडेना. तिला हलवलं तर तिने अंग आणखी ताठ केलं.

"ऊठ गो बाय माझी," मी म्हटलं. "संपलं आता."

डोळे मिटूनच तिने विचारलं, "आई, मी हलले नाय ना?"