माझ्या जागी सासूबाई

काल बिरवाडीच्या गॅरेजात लेकीची स्कूटर दुरुस्त होत होती. तिथला तापलेल्या ग्रीसचा वास आला आणि मी मनाने मुंबईच्या वाटेवरच्या एका अम्युझमेंट पार्कातल्या जुन्या रांगेत जाऊन उभी राहिले.

तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. डोक्यावरून रोलर कोस्टर खडखडत गेला की पायाखालची फरशी थरथरायची. मला दिवस गेले होते. आधी एकदा गर्भ पडला होता, म्हणून या वेळी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बसावं तर धोका, नको म्हणावं तर कारण द्यावं लागणार. रांग पुढे सरकत होती आणि मी पदर पिळत होते.

"चल गो, आपला नंबर आला," हे म्हणाले.

तेवढ्यात बाकावरून सासूबाई उठल्या. शेत सोडून कधी फारशा बाहेर न पडलेल्या. "तू बस हितं. मला बसायचंय त्या पाळण्यात," असं म्हणून लुगडं खोचत त्या यांच्याबरोबर गेल्या.

मला त्यांची हौस वाटली. त्यांना किती भीती वाटली असेल, ते आता त्यांच्या वयाला आल्यावर कळतं.

परतल्या त्या सुटलेला अंबाडा बांधतच. शेजारी बसून हळूच म्हणाल्या, "घरी गेल्यावर त्याला तूच सांग. मी काय बोलणार नाय."