पावसाळ्यात हिरवी, मे महिन्यात पिवळी

सुमन आज सकाळी गेली.

किडनीचा आजार होता. तिनं फारसं कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

आम्ही दोघी हिंगोली जिल्ह्यातल्या: ती जवळा बाजारजवळच्या तांड्यावरची, मी हट्ट्याची. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. केमिस्ट्रीच्या एकाच लॅबमध्ये आमची पीएचडी, राहायलाही एकाच खोलीत.

सुमननं एक पावडर बनवली होती. यूव्ही दिव्याखाली हिरवी चमकायची. खूप थंड केली की चुंबकासारखी वागायची.

ऑगस्टमध्ये तिनं सगळी रीडिंग घेतली.

मे महिन्यात आईचा पाय मोडला म्हणून ती घरी गेली. तिचं काम पुन्हा तपासायचं होतं, ते माझ्याकडे आलं.

पावडर पिवळी चमकली. चुंबकाचं रीडिंगही वेगळं. तीनदा करून बघितलं.

मी आमच्या गाईड सरांना सांगितलं, "सुमनचे आकडे जुळत नाहीत सर. बहुतेक मनानं लिहिलेत."

ते शेवटचं वाक्य कोणी विचारलं नव्हतं. माझं मीच बोलले.

सरांनी तिचा चॅप्टर थांबवला. तसं पत्र तिच्या घरी गेलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "हिंगोलीला ये. येताना ती पावडरीची बाटली आण."

तिच्या ओळखीच्या एका मामांचं कापडाचं दुकान होतं. गल्ल्यावर नकली नोटा ओळखायचा जांभळा दिवा.

बाटली दिव्याखाली धरली. पिवळी.

सुमननं स्टीलच्या डब्यात ओलं फडकं ठेवलं, त्याच्या शेजारी उघडी बाटली, आणि झाकण लावलं.

आम्ही तासभर बसून राहिलो.

डबा उघडला. पावडर दिव्याखाली धरली.

हिरवी!

मामा म्हणाले, "काय जादू हाय का पोरी?"

"जादू न्हाई मामा. हवेतलं पाणी पिऊन राहिली ही. पाणी आत गेलं की रंग बदलतो. चुंबकाचंबी तसंच व्हत असंल."

मग तिनं वही काढली. ऑगस्टच्या प्रत्येक रीडिंगशेजारी समासात लिहिलेलं होतं: पाऊस. ढग. झिमझिम.

ती वही मी कितीदा तरी चाळली होती. मला वाटायचं, पावसाची नोंद ठेवायची घरची सवय असेल.

मी तिथूनच एसटीडीवरून सरांना फोन लावला. "सर, सुमन बरोबर आहे."

जूनमध्ये ओल्या आणि कोरड्या हवेत सगळं पुन्हा मोजलं. चुंबकाचं रीडिंगही बदललं. तिचा अख्खा प्रबंध मग त्यावरच उभा राहिला.

पुढं ती हिंगोलीत शिकवायला लागली. एकदा चहा पिताना सहज म्हणाली,

"सरांना कोणी सांगितलं, मला तवाच कळलं व्हतं. मे महिन्यात लॅबमध्ये दुसरं व्हतंच कोण?"

"मग मलाच काहून बोलावलंस?"

"तपासलं तूच व्हतं ना? मग तुलाच दिसायला पायजे व्हतं."

मी हसले. विषय बदलला. माफी तेव्हाही मागितली नाही.

दुपारी तांड्यावर अंत्यविधी आहे. मी एसटीत आहे.

चुकले गं, सुमन.

जा सुखानं.