पारसिकच्या डोंगराला मारलेली मिठी

पारसिकच्या डोंगरावर जायला पक्का रस्ता आहे, हे बेलापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण रस्त्याने वर जाण्यात कसलं आलंय शौर्य!

त्या रविवारी सासूबाई कराव्याहून आल्या होत्या. आयुष्यभर मासळी विकलेली बाई. जावई कचेरीत बसून पगार घेतो याचं त्यांना कौतुक कमी आणि शंका जास्त. म्हणून मी नवेकोरे ट्रेकिंगचे बूट चढवले, काठी घेतली (बायकोच्या मते ती पडद्याची होती) आणि दोघींना मागच्या पायवाटेने घेऊन निघालो.

दहा मिनिटांत पायवाट दगडांत शिरली.

"जावयबापू," सासूबाई म्हणाल्या, "ही वाट मानसाची नाय, पान्याची हाय."

"आई, मोबाइल हीच दाखवतोय."

"मोबाइलला कुटं चालायचं हाय?"

मी तिकडे दुर्लक्ष करून एका कातळावर चढलो, तिथून दुसऱ्यावर. मग खाली बघितलं. ते बघायला नको होतं. वर जाता येईना, खाली उतरवेना. शेवटी मी कातळाला मिठी मारली (इतका जीव लावून तिला कधी मारली नव्हती, असं बायको अजून ऐकवते).

"उतरा की," बायको खालून म्हणाली.

"जरा देखावा बघतोय."

"डोळे मिटून?"

तेवढ्यात सासूबाई चालायला लागल्या. मला तिथेच टाकून, मागे वळूनही न बघता. विमा कुठल्या कपाटात ठेवलाय, हे बायकोला ओरडून सांगावं की काय, अशा विचारात मी अर्धा तास काढल्यावर आवाज आला, तो थेट डोक्यावरून. सासूबाईंनी रस्ता गाठून रिक्षा पकडली होती, वर आल्या होत्या, रिक्षावाल्याकडचा गाडी ओढायचा दोर घेतला होता आणि फिरायला आलेल्या चार आजोबांना कामाला लावलं होतं.

दोर खाली आला. "फास कमरंत घाला. आन हालू नका. घावलेलं मावरं लय हाललं का निसटतं."

मावऱ्याने, म्हणजे या मासळीने, सगळं मुकाट्याने केलं. आजोबांनी ओढलं आणि मी पोटावर घासत वर पोचलो, तो एका नियोजित वधूवरांच्या मधोमध. त्यांचं फोटोशूट चाललं होतं.

"काका," फोटोग्राफर म्हणाला, "थोडं डावीकडे सरपटा. फ्रेममध्ये येताय."

धापा टाकणाऱ्या आजोबांचे मी हात जोडून आभार मानले. "उद्यापासून मीही तुमच्याबरोबर फिरायला येतो," म्हणालो.

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कसंय," त्यांच्यातले सर्वांत थकलेले म्हणाले, "आमच्यात दोघांचे गुडघे बदललेत, माझी बायपास झालीय. ते चालतं. पण तुमची जबाबदारी नको."