फादरांनी मलाच का विचारलं?

नाकातून बारीक नळी आत गेली, डोळ्यांतून पाणी आलं आणि समोरच्या स्क्रीनवर मला माझाच घसा दिसला. आत दोन पांढरट पट्ट्या होत्या. उजवी हलत होती, डावी ढिम्म.

"व्होकल कॉर्ड पॅरालिसिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे आवाजाच्या दोन पट्ट्यांपैकी एकीला लकवा. घाबरायचं सोडून मी बोटानेच विचारलं, उजवी अशी पलीकडे का सरकतेय? त्या हसल्या. "डावी येत नाही ना, म्हणून तीच तिच्यापर्यंत पोचायला बघतेय."

मी मालवणात मासळी विकते. शिक्षण सातवी नापास. कोणी सुरमईचा भाव पाडून मागितला की माझ्या तोंडून काय काय बाहेर पडायचं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून आमच्या चर्चच्या फादरांनी जेव्हा विचारलं, की आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्याजवळ प्रार्थना म्हणशील का, तेव्हा मला हसूच आलं.

"फादर, ह्या तोंडान सकाळी गाळी घालूच्यो नि सांजेक देवाचा नाव घेवचा?"

मी दोनदा नाही म्हटलं. दुसऱ्या नकारानंतर आठवड्याभरात माझा आवाज बसला. बाजारात सगळ्यांना मजा वाटली. मला मात्र आतून भीती होती, की देवाने हे तोंड बंदच करून टाकलं.

सासूबाई म्हणाल्या, दिश्ट लागली. आमच्याकडे क्रिस्ती घरांतही मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात आणि वर आपली प्रार्थना म्हणतात. ठसका लागला नाही तर दिश्ट होती, असं धरतात. मला तर खोकून खोकून जीव जायची पाळी. म्हणजे दिश्ट नव्हतीच! पण सासूबाई म्हणायच्या, मिरच्यो कमी पडल्यो. अशात तीन आठवडे गेले. तोवर चहा प्याला तरी श्वासनळीत जायला लागला होता. शेवटी ताप चढला आणि इस्पितळात भरती झाले. ॲस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे खाल्लं-प्यालेलं फुप्फुसात उतरून झालेला जंतुसंसर्ग.

तिथेच ती नाकातली नळी घातली, मग सीटी स्कॅन. आवाजाची डावी नस छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत घशात येते, असं कळलं. वाटेत कुठे गाठ दाबत नाही ना, ते पाहायचं होतं. रिपोर्टचे दोन दिवस काढणं फार कठीण गेलं. गाठ निघाली नाही. डॉक्टरबाईंनी कारणाच्या जागी लिहिलं 'इडिओपॅथिक'. मी अर्थ विचारला. "म्हणजे कारण माहीत नाही." माहीत नाही म्हणायलाही एवढा भारदस्त शब्द असतो, याचं मला नवल वाटलं. मी धीर करून कुजबुजले, देवाची शिक्षा असेल का? "स्कॅनमध्ये तसं काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवर शिरोड्याची सुमती होती. तिची ब्रॉन्कोस्कोपी करायची होती, म्हणजे फुप्फुसात नळी घालून तुकडा तपासायचा. ती सकाळपासून नाही नाही म्हणत होती. दोन वेळा व्हीलचेअर आली आणि रिकामी परत गेली. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या रोझरीच्या माळेकडे गेलं.

"तुझे ओठ हलतत, माका दिसतत. माझ्यासाठी पण सांग गो तुझ्या देवाक."

"माका नाय जमाचा," मी कुजबुजले. "फादराक बोलवया."

"फादर खंय आसा हंय? तू आसंस मां!"

आता काय करू? पाठ असलेली एकही प्रार्थना आठवेना. मी तिचा हात धरला आणि बाजारात बोलते तशीच बोलले. "देवा, ह्या सुमतीक भय वाटता. माका पण वाटता. तू तिच्यावांगडा जा, तिका एकटी सोडू नको." बस्स, एवढंच. आवाज नव्हताच, नुसता वारा. सुमतीने कान माझ्या तोंडाशी आणला होता. नंतर तिने डोळे पुसले आणि खुर्ची मागवली.

तिचा रिपोर्ट येण्याआधीच मला घरी सोडलं. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. रोज तिचं नाव घेते.

तुमच्यापैकी कोणाचा आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, पाणी पिताना ठसका लागला, तर आधी घशाच्या डॉक्टरकडे जा. मिरच्या नंतरही मिळतात. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. माझे आवाजाचे व्यायाम चालू आहेत, आवाज अर्धामुर्धा आलाय. बाजारात आता सून ओरडते, मी नुसती मासे कापते. शिव्या मात्र मनात पूर्वीइतक्याच येतात, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी फादरांना गाठलं आणि विचारलं, कोणाच्या घरी जायचं? ते म्हणाले, "आवाज होता तेव्हा नाही म्हणालीस, आणि आता?"

"फादर, देवाक ह्याच तोंड कित्याक होया, ता माका बघूचा आसा."