चिकटपट्टीची केबिन

पडदा वर जातो तेव्हा बैठकीची खोली जवळजवळ रिकामी दिसते. सोफा उभा करून स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवलाय, टीपॉय उलटा होऊन बाल्कनीत गेलाय, खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसल्यात. खिडकीतून सकाळचा उजेड फरशीवर उतरलाय आणि त्या उजेडात सत्तरी ओलांडलेला एक माणूस हातापायांवर रांगतोय. कानामागे पेन्सिल, मनगटात बांगड्या चढवाव्यात तशी पांढऱ्या चिकटपट्टीची दोन रिळं, दातांत मोजपट्टीचं टोक. कोपऱ्यातल्या एकुलत्या सरळ उभ्या खुर्चीवर त्याची बायको बसलीय. उजव्या हातात चहाचा कप. डावा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा.

या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत. विजेच्या बिलावर त्याचं दुसरं नाव होतं, पण ते बिलाला ठाऊक. मिस्त्रीनं आयुष्यभर नाटकांचे सेट उभे केले. राजवाडे बांधले, कोर्टं बांधली, गळकी छपरं मुद्दाम गळकी बांधली. सगळी घरं तीन भिंतींची. चौथी भिंत कशी असते हे आपल्याला स्वतःच्या घरी राहायला आल्यावर कळलं, असं तो म्हणायचा, आणि नव्या माणसाला ते खरंच वाटायचं.

नाटकवाल्यांची एक रीत असते. सेट तयार व्हायच्या आधी तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीनं त्याचा नकाशा आखतात. इथे दार, इथे जिना, इथे पलंग. मग महिनाभर नटमंडळी त्या रेघांमध्ये संसार करतात, नसलेल्या दारातून येतात-जातात. रेघ ओलांडून कुणी भिंतीतून गेला की मिस्त्री कडेला उभा राहून ओरडायचा, "भूत झालास का रे?"

ही रीत त्यानं घरी आणली. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा आधी आठवडाभर चिकटपट्टीचा फ्रिज स्वयंपाकघरात राहिला आणि सगळे त्याला वळसा घालून वावरले. मुलगा व्हायचा होता तेव्हा मिस्त्रीनं पाळण्याची चौकट आखली. दिवस भरत आलेली बायको ती बघून म्हणाली, "छान आहे. पण हा पाळणा झुलायचाय की नुसताच उभा राहायचाय?" त्यावर त्याला झोक्याची जागा वेगळी आखावी लागली, आणि मग कपाट हलवावं लागलं. त्या घरातली एकही वस्तू तालमीशिवाय आत आलेली नव्हती.

आज तालीम होती ती केबिनची.

नातीला थीम पार्क दाखवायचं कबूल झालं होतं. मागच्या सुट्टीत जायचं सगळं ठरलं आणि आजीला अर्धांगवायूचा झटका आला. बेत तिथेच राहिला. आजी हळूहळू उठली, बोलायला लागली, काठी घेऊन घरात फिरायला लागली. डावी बाजू मात्र अजून रुसलेली होती. या सुट्टीत नातीनं पुन्हा विषय काढला, आणि प्रश्न आला राहायचं कुठे.

पार्कच्या फाटकासमोर मोठं हॉटेल होतं. पण तिथल्या बाथरूममध्ये उंच काठाचे टब, आणि बिनटबाच्या खोल्या केव्हाच भरलेल्या. दुसरी सोय पार्कच्या मागे, झाडांमध्ये. लाकडी केबिन. जमिनीलगत, पायरी नाही, सगळे एका छपराखाली, मुलांना झोपायला वर माळा.

"हॉटेलच घेऊ," मुलगा म्हणाला होता. "आम्ही तिघं जाऊन येतो. तुम्ही दोघं घरी राहा, आत्या येईल सोबतीला." आई पडली तेव्हा तिला फरशीवरून उचलणारा तोच होता. तेव्हापासून बाथरूममध्ये बादलीचा आवाज झाला तरी तो दाराशी धावायचा.

"म्हणजे पुन्हा आई घरी," सून म्हणाली. "मग मीही घरी. तुम्ही बापलेक जा आणि मला झोक्याचे फोटो पाठवा."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. नीट ऐका स्वतःचं."

नातीनं फोनवर केबिनचे फोटो दाखवले. उशी, दिवा, उशीवर दिव्याचा उजेड. मिस्त्रीनं चष्मा वर करून पाहिलं आणि फोन परत केला. "फोटो म्हणजे पहिल्या रांगेतून दिसतं ते. मीही असलीच घरं दाखवत आलोय. मला मागची बाजू सांगणारा माणूस हवा."

तो माणूस म्हणजे केबिनांचा व्यवस्थापक. मिस्त्रीनं त्याला फोनवर अर्धा तास धरून ठेवलं. दाराची रुंदी विचारली. त्याच्याकडे मोजपट्टी नव्हती, तेव्हा त्याच्या बुटाची लांबी विचारून त्याला केबिनभर पावलं टाकायला लावली. बिचारा भला होता, त्यानं टाकली. पलंग भिंतीला ठोकलेला आहे, हलणार नाही, हे त्यानंच सांगितलं. "पलंग उजव्या हाताला, बाथरूम डाव्या. उशी मागच्या भिंतीकडे, पाय दाराकडे. पायथ्याशी माळ्याची शिडी."

शेवटी घरात असं ठरलं, की तालीम करून बघू. त्या पलंगावरून आजीला आपली आपण उठून बाथरूमपर्यंत जाता आलं तर केबिन, आणि सगळे जाणार. नाही जमलं तर हॉटेल, आणि म्हातारा-म्हातारी घरी. व्यवस्थापकाला दुपारपर्यंत कळवायचं होतं, त्याच्याकडे शेवटची एकच केबिन उरली होती.

मिस्त्री उठला, गुडघे झटकले. फरशीवर पांढऱ्या रेघांचं घर तयार झालं होतं. बाल्कनीच्या बाजूला दार. दिवाण पलंगाच्या जागी.

"आता भिंती पाहिजेत," तो म्हणाला. "तू इथे ये. पलंगाला लागून उभा राहा. हात पसर."

"मी भिंत?" मुलगा म्हणाला.

"लहानपणी झाड केलं होतंस. त्यापेक्षा भिंत सोपी."

सून बाथरूमचं दार झाली. नात पायथ्याशी शिडी होऊन उभी राहिली, आणि शिडीला हसू आवरेना.

"बाबा, ही भिंत किती वेळ—"

"भिंत बोलत नाही."

आजी दिवाणावर आडवी झाली. उजवीकडे भिंत, म्हणजे मुलगा. मोकळी बाजू डावीकडे. तिनं एकदा छताकडे पाहिलं, मग उठायला लागली. उजव्या हातानं तिनं डावा पाय उचलून पलंगाच्या कडेला आणला. आता डाव्या हातावर भार द्यायचा होता. हात दुमडला. तिनं पुन्हा जोर लावला. खांदा वर आला, तिथेच थांबला, कपाळावर घाम आला, आणि ती डावीकडे कलली. दार आपली जागा सोडून धावलं. सुनेनं तिला वेळेवर धरलं.

"बास," भिंत म्हणाली.

"पुन्हा एकदा बघू," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, बास. बघितलं ना आपण."

नात म्हणाली, "आजोबा, उशी पायांकडे घेतली तर? मग बाजू बदलेल."

"तिथे तू आहेस. शिडीची पायरी कपाळात बसेल."

मिस्त्री हातातल्या रिळाचं टोक नखानं उचलत राहिला, ते पुन्हा चिकटत राहिलं. आयुष्यात त्यानं कितीतरी पलंग भिंतीतून उखडून फिरवले होते. दिग्दर्शकाला खिडकी आवडली नाही म्हणून एका रात्रीत अख्खं घर उलटं उभं केलं होतं. आणि हा एवढासा पलंग, तोही बघितला नाही असा, त्याला फिरवता येत नव्हता. मुलगा आईजवळ खाली बसला होता. "आई, पुढच्या वर्षी जाऊ. नक्की," तो म्हणाला, आणि आपल्याच बोलण्यावर आपला विश्वास नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आजीनं पदरानं कपाळ पुसलं. आजारपणानंतर ती शब्द जपून वापरायची, पण वापरले की जागच्या जागी.

"अहो, दार कुठाय?"

मिस्त्रीनं बाल्कनीकडे हात केला.

"तो माणूस फोनवर बोलला, तो कुठून?"

"दारात उभा राहून. आत बघत."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कुठे उभे होतात, आखताना?"

मिस्त्री सावकाश खोलीच्या मागच्या भिंतीपाशी गेला, तिला पाठ लावून उभा राहिला, आणि दाराकडे, म्हणजे त्याच्या हिशेबानं प्रेक्षकांकडे, तोंड केलं. उजवा हात वर केला. त्याच्या उजव्या हाताला पलंग होता.

रंगमंचावर उजवं-डावं नटाचं धरतात, प्रेक्षकाचं कधीच नाही. नटाचं तोंड समोरच्या अंधाराकडे, त्याचा उजवा हात तो उजवा. सगळी हयात मिस्त्रीनं जगाकडे त्या बाजूनं पाहिलं होतं. दारातून आत येणारा साधा माणूस, ज्याला नाटकाशी काही देणंघेणं नाही, तो उजवं कशाला म्हणेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. सगळी केबिन त्यानं आरशात बघावी तशी उलटी आखली होती.

"चाळीस वर्षं," आजी सुनेला म्हणाली, "मी यांनी सांगितलेल्या डावीकडे वळून चुकीच्या दुकानात गेलेय."

"तेव्हा बोलली नाहीस," मिस्त्री म्हणाला.

"त्या दुकानातही सामान मिळायचं."

पहिल्यांदा सून हसली, मग नात, आणि मग भिंतसुद्धा. मिस्त्री मात्र हसत नव्हता. तो खाली बसून चर्रकन पट्ट्या ओढायला लागला होता. मुलगाही बसला आणि न सांगता दुसऱ्या टोकाकडून ओढू लागला. लहानपणी तो थिएटरात बापाबरोबर यायचा तेव्हा त्याला हेच एक काम मिळायचं. बऱ्याच वेळानं तो खालच्या मानेनंच म्हणाला, "मला आई यायला नकोय असं नाहीये, बाबा."

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाला. "ते टोक धर."

रेघा इकडच्या तिकडे झाल्या. दिवाण समोरच्या बाजूला गेला. भिंत, दार, शिडी आपापल्या नव्या जागी उभी राहिली. आजी पुन्हा आडवी झाली. आता भिंत डावीकडे, मोकळी बाजू उजवीकडे. तिनं उजवा कोपर रोवला, पाय खाली सोडले, काठी घेतली आणि उठली. डौलात नाही, एक-दोन हेलकावे खात, पण कुणाचा हात न लागता. खोली ओलांडून ती बाथरूमच्या चौकटीशी आली. सून बाजूला झाली. आजी रेघेच्या आत गेली, वळली, आणि नसलेलं दार हातानं ओढून घेतलं.

सगळे थांबले. आजी काही बाहेर येईना. चिकटपट्टीच्या त्या लहानशा चौकोनात ती काठीवर हात ठेवून नुसती उभी होती, आणि सगळ्यांना ती स्पष्ट दिसत होती.

"काय गं, चक्कर येतेय का?" मिस्त्री पुढे सरला.

"रेघेच्या बाहेर राहा," आजी म्हणाली. "मी आत आहे."

तो थबकला. एक पाय उचललेला तसाच.

"बरं वाटतंय," ती म्हणाली. "इथे कुणी नाही."

मिस्त्रीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं. ती दवाखान्यातून आली त्या दिवशी बाथरूमची आतली कडी त्यानंच काढली होती. रात्री ती कुशीवर वळली तरी तो उठून बसायचा. ती खिडकीशी बसली की शेजारी खुर्ची त्याची. तो नसेल तेव्हा सून, सून नसेल तेव्हा नात. वर्षभर तिनं एकटीनं एक श्वास घेतला नव्हता. आणि ही सगळी माया आहे असं त्याला वाटत होतं, आणि ती मायाच होती.

"तुम्ही सगळे पार्कात जा," आजी चौकोनातून म्हणाली. "दुपारी. मी केबिनमध्ये थांबेन. दार लावून."

"मी थांबतो ना तुझ्याजवळ," मिस्त्री म्हणाला. "मला काय करायचंय त्या पार्कात, या वयात?"

"तुम्हीही जा."

"एकटी राहशील?"

"तेच म्हणतेय मी."

मुलानं तोंड उघडलं, पण सुनेनं त्याच्या दंडाला धरलं आणि त्यानं ते पुन्हा मिटलं. मिस्त्रीचा चेहरा उतरला होता. ऐन वेळी नटाला सांगावं की या प्रवेशात तू नाहीस, तसं काहीसं. कानामागची पेन्सिल काढून तो तिच्याकडे बघत बसला. आयुष्यभर विंगेत उभं राहणं हाच त्याचा धंदा होता. पण चांगला मिस्त्री प्रवेश लागला की विंगेतूनही मागे सरतो, त्याची सावलीसुद्धा उजेडात पडता कामा नये. हे त्यानं कितीतरी शिकाऊ पोरांना शिकवलं होतं, आणि घरी येताना तो ते शिकवणं रोज थिएटरातच ठेवून आला होता.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"चहा एकटीनं पिऊन होईपर्यंत. मग थोडी झोप."

"काठी हाताशी ठेवायची."

"हो."

"फोनही."

"हो. पण तुम्ही करायचा नाही. मी करेन, लागला तर."

नात शिडीची जागा सोडून आजोबांच्या हाताशी आली. "मग तुम्ही माझ्याबरोबर आकाशपाळण्यात बसा. बाबांना उंचीची भीती वाटते."

"भीती नाही," मुलगा म्हणाला, "मला गरगरतं."

आजी एवढ्यात नसलेलं दार उघडून बाहेर आली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. चहा निवला होता, तरी तिनं तो घेतला. मिस्त्रीनं व्यवस्थापकाला फोन लावला. बाल्कनीत उलट्या टीपॉयशेजारी उभा राहून तो बोलत होता, आणि सगळे ऐकत होते. केबिन पक्की केली. दारात उभं राहून पलंग नक्की कुठल्या हाताला, हे दोनदा विचारून घेतलं. बाथरूमला आतून कडी आहे ना, हेही विचारलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. दुपारी तुम्ही सगळे पार्कात गेलात तर आजींजवळ बसायला आमच्याकडची एखादी बाई पाठवू का, असं तो भला माणूस विचारत असावा. मिस्त्रीनं वळून खोलीत पाहिलं, बायकोकडे, मग पुन्हा बाहेर तोंड केलं.

"नको, बाई नको," तो म्हणाला. "तिला एकटीलाच राहायचंय. आणि मी त्या वेळी आकाशपाळण्यात असेन, म्हणून मलाही फोन करू नका."