आपोआप जाग येईपर्यंत

जानकी परबची आयुष्यात एकच इच्छा होती, आणि ती ऐकून शेजारची विमला पोट धरधरून हसली होती. जानकीला झोपायचं होतं. आता यात हसण्यासारखं काय आहे, सांगा बघू. पण कांदिवलीच्या त्या चाळीत बायका सोन्याच्या पाटल्या मागत, मुलाला नोकरी मागत, नवऱ्याची दारू सुटू दे म्हणत. झोप कोण मागतं? जानकी मागायची. तीही साधीसुधी नाही. कुणी हाक मारीपर्यंतची झोप तिला नको होती, आपोआप जाग येईपर्यंतची हवी होती.

तशी झोप तिला कधी मिळालीच नव्हती. कुडाळजवळच्या गावात ती सहा भावंडांतली थोरली. अंधार असतानाच आई चुलीपाशी बसून हाक मारायची, ‘जानके, ऊठ गो.’ लग्न होऊन मुंबईला आली तर नवरा गिरणीत. धोंडूच्या पाळ्या आठवड्याला बदलायच्या. पहिल्या पाळीला डबा पहाटे, तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी घरी यायचा तेव्हा चहा. त्यात चाळीचा नळ चारला यायचा आणि शिंकून जावं तसा निघून जायचा. सासूला दमा, लेक उत्तरा तान्ही, मधला मुलगा रात्री घाबरून उठायचा. जानकी एक कान उघडा ठेवून निजायला शिकली. पुढे सासू गेली, मुलं मोठी झाली, पण कान काही मिटला नाही. जिन्यात मांजर आलं तरी ही उठून बसायची.

तुम्ही म्हणाल, गावाला जात असतील की, तिथे तरी विश्रांती! अहो, कसली विश्रांती घेऊन बसलात. मे महिन्यात चाकरमानी घरी आले म्हणजे सूनबाई घरी आली. वीस माणसांच्या भाकऱ्या, विहिरीचं पाणी, आंब्या-फणसांची उस्तवार. धोंडू पडवीत पाय पसरून बसायचा, जानकी चुलीपुढे. मुंबईला परत आली की हाडं खिळखिळी झालेली असायची, आणि चाळीतल्या बायका विचारायच्या, मग, मजा केलीस ना?

गिरण्यांचा संप झाला, वर्ष गेलं, दोन गेली, आणि धोंडूची गिरणी काही पुन्हा त्याला बोलवेना. मग तो कांदिवलीतच एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागला. उत्तरा सांताक्रूझच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटली. तिच्या ऑफिसातल्या मुली शनिवार-रविवार जोडून कुठे कुठे फिरायला जायच्या. उत्तरानं घरी जाहीर करून टाकलं की आई-बाबा या माघात दोन दिवस वाईला जाणार. तिच्या मैत्रिणीची राधाआत्या वाईत घाटाजवळ राहते, घरातली एक खोली पैसे घेऊन देते, सगळं ठरलंय, तिकिटंही काढलीत.

चाळीत ही बातमी कुणाला पचेना. वाईला कोण तुमचं? कोणी नाही. मग नवस आहे का? नाही. मग लग्न? तेही नाही. मग जाता कशाला? धोंडू म्हणायचा, पोरीनं सांगितलं म्हणून जातो. जानकी मात्र विमलाला आतल्या गोटातलं सांगून गेली. तिथे नळ नाही, डबा नाही, सासरचं माणूस नाही. तिथे मी झोपणार.

आणि मग तिनं काय केलं असेल? गावाला जाताना भरतात तशी पिशवी भरली! खारी, बटर, चहापावडर, राजेळी केळी, पोरांसाठी गोळ्या. कुठली पोरं, कुणाची पोरं, देव जाणे. प्रवास म्हणजे पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं असतं, एवढंच तिला ठाऊक. उत्तरानं पिशवी पाहून कपाळावर हात मारला, पण तोवर एसटी सुटायची वेळ झाली होती.

बोरघाट चढताना धोंडू खिडकीला डोकं टेकून घोरत होता. जानकी पिशवी सांभाळत जागी. कात्रजचा बोगदा गेला, खंबाटकी गेली, दुपार कलली आणि दोन्ही बाजूंनी ऊस लागला. वाईत उतरल्यावर तिला पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर हाक नाही. कुणी ‘वहिनी आली’ म्हणत धावत आलं नाही. कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्यांवर हळूहळू येत होतं, परत जात होतं. काळ्या दगडाची देवळं संध्याकाळच्या उन्हात पिवळी पडली होती. एक बाई पाण्यात पाय सोडून नुसती बसली होती. धुणं नाही, भांडी नाही. जानकी तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. असंही बसतात तर, तिला वाटलं.

पण सवय म्हणजे सवय. राधाआत्यांनी दार उघडलं तशी जानकी त्यांच्या पाया पडली, खाऊची पिशवी त्यांच्या हातात दिली, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. परातीत मेथी होती ती निवडायला घेतली. राधाआत्या बघतच राहिल्या. पैसे भरून राहायला आलेली पाहुणी त्यांनी आजवर अशी पाहिली नव्हती. आधी त्यांना वाटलं, बाईचा काही गैरसमज झालाय, हिला कामाला ठेवलंय असं कुणी सांगितलं की काय! धोंडू दारात उभा राहून ओशाळला होता. तो म्हणाला, आमच्याकडे असंच असतं. राधाआत्यांनी जुडी काढून घेतली, तेव्हा जानकीचे हात रिकामे झाले आणि ते कुठे ठेवायचे हेच तिला कळेना.

त्या रात्री झोप लागेल असं तिनं स्वतःला बजावलं होतं. मऊ गादी, नदीचा आवाज, आणखी काय हवं? पण चारच्या सुमारास डोळे टक्क उघडले. नळ कुठाय, बादली कुठाय, असं तिनं अंधारात चाचपलं, आणि नळ येणार नाही हे लक्षात आल्यावर तिला रडूच कोसळलं. इतक्या लांब आलो, पोरीनं पैसे घातले, आणि आपण चाळ बरोबर घेऊनच आलो. मग ती उठली आणि अंगण झाडायला लागली.

रविवारी उजाडल्यावर राधाआत्यांनी ते लख्ख अंगण पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. बाई चांगल्या, पण रागीट. त्यांनी धोंडूला उभं करून सुनावलं की बायकोला या घराबाहेर कुठेतरी न्या, नाहीतर ही माझी भांडी घासून काढेल. पाचवडच्या पुढे म्हसवे गाव आहे, तिथला वड बघून या. दुपारच्या मुंबईच्या गाडीला भरपूर वेळ आहे. मात्र ती गाडी चुकवू नका, तिच्यानंतर उद्या सकाळपर्यंत मुंबईला जायला दुसरी गाडी नाही.

हे सांगायची धोंडूला गरजच नव्हती. धोंडूचा खाडा कधी कुणी पाहिला नव्हता. स्वतःच्या मुलाच्या बारशाला हा पाळीवरून आला होता. आताच्या कारखान्यात तर तो कायमही नव्हता. सोमवारी सकाळी दारात दिसला नाहीस तर तुझ्या मशीनवर दुसरा उभा राहील, असं सुपरवायझरनं शनिवारची सुट्टी देतानाच बजावलं होतं. हातातलं घड्याळ बघत बघतच तो जीपमध्ये बसला.

वड म्हणजे जानकीला माहीत होता तो वटपौर्णिमेचा. कांदिवलीच्या बाजारात फांदी मिळते, ती डब्यात रोवायची आणि तिच्याभोवती सूत गुंडाळायचं. इतकी वर्षं तिनं फांदीलाच फेरे घातले होते. आणि इथे? इथे झाड कुठे सुरू होतं तेच कळेना. जीपवाल्यानं बोट दाखवलं तिकडे तिला रानच दिसलं. आत शिरली तेव्हा समजलं की सगळं एकच. वरून पारंब्या उतरल्या, जमिनीत गेल्या, त्यांची खोडं झाली, त्या खोडांना फांद्या फुटल्या, त्यांच्या पुन्हा पारंब्या. पहिलं खोड कोणतं ते आता कुणालाच सांगता येत नाही म्हणे. ऊन वरच्या वर अडकून राहिलं होतं आणि खाली येईपर्यंत त्याचं हिरवं पाणी झालं होतं. पाचोळ्यावर पाऊल टाकलं तरी आवाज मोठा वाटायचा.

फेरे घालायला हवेत, असं ती म्हणाली. धोंडू हसला. याला फेरा घालायचा तर संध्याकाळ होईल, बस जरा, म्हणाला. दोघं एका पारंबीच्या बुंध्याशी टेकली. जानकी म्हणाली, नुसतंच? तो म्हणाला, नुसतंच.

ती बसली. हात मांडीवर ठेवले. एक पान पडलं, ते तिनं उचललं नाही. दुसरं पडलं. लांब कुठेतरी मोट चालल्यासारखा आवाज येत होता, की पाखरू होतं कोण जाणे. तिला वाटलं, आता कुणीतरी हाक मारील. तिनं हाकेची वाट पाहिली. ती वाट बघता बघताच तिला कुडाळचं घर दिसायला लागलं. चूल पेटलेली होती, आई पाठमोरी बसली होती, आणि जानकी, सात-आठ वर्षांची, गोधडीत. आता आई वळेल आणि म्हणेल, ऊठ गो. आई वळली. तिनं जानकीकडे पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि पुन्हा चुलीकडे वळली. चुलीतून पारंब्या वर गेल्या, घराचं छप्पर पानांचं झालं, सासू तिथे न खोकता बसली होती, नळाला पाणी येत होतं आणि ते कुणी भरतच नव्हतं, नुसतं वाहून झाडाच्या मुळाशी जात होतं. जानकीला त्याचं काहीच वाटलं नाही. ती खोल खोल गेली. तिथे कान नावाची गोष्टच नव्हती.

जाग आली ती अगदी सावकाश, तळातून बुडबुडा वर यावा तशी. ती आडवी होती. डोक्याखाली काहीतरी मऊ होतं, हात लावून पाहिलं तर धोंडूचा घडी केलेला सदरा. तो स्वतः बनियनवर बसला होता, पारंबीला पाठ लावून. शेजारी शेरडं राखणारी एक म्हातारी उकिडवी बसून हिच्याकडे टकमका बघत होती.

“लई झोपलीस गं बाई,” म्हातारी म्हणाली. “तुज्या मालकानं माज्या शेरडांस्नी पार रस्त्याच्या पल्याड हाकलायला लावलं. गळ्यातल्या घंटा वाजत्यात म्हनं.”

जानकी ताडकन उठून बसली. ऊन पार पलीकडच्या खोडांवर गेलं होतं, लांबट आणि लाल.

“गाडी?” तिनं विचारलं.

“गेली,” धोंडू म्हणाला.

सोमवारची सकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. कारखान्याचं दार, मशीनवर दुसराच कुणीतरी. आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर चाललेला हा माणूस, आणि आपल्यामुळे त्याची नोकरी गेली. तिचे डोळे भरून आले. आपण घात केला असा! झोप झोप म्हणून जीव टाकला आणि घरावर ही वेळ आणली. तिनं त्याचा दंड धरला आणि विचारलं की उठवलंत का नाही, नुसता खांदा हलवला असता तरी मी उठले असते.

धोंडू तसा न बोलणारा. गिरणीच्या आवाजात इतकी वर्षं काढलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही, म्हणून ती गप्पच राहतात. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं होतं, हे तिला आत्ता दिसलं.

“उठवूक हात पुढे केलंय,” तो म्हणाला. “दोनदा केलंय. पण लगीन झाल्यापासून तुका गाढ निजताना मी कधी बघूक नाय गो. तिसऱ्या पाळीवरून येय तेवा तू जागी, पयल्या पाळीक जाय तेवा तू जागी. माका वाटायचा, तुका झोपच कमी. आज बघलंय तुझा तोंड. मगे उठवू कसो?”

म्हातारी शेरडांकडे निघून गेली. धोंडू म्हणाला की नोकरीचं उद्या जाऊन बघू, हातापाया पडू, नाही ठेवलं तर दुसरीकडे बघू, गिरणी गेली तेव्हा मेलो नाही. राधाआत्यांची खोली अजून एक रात्र मिळेल. आता जीप मिळाली तर ठीक, नाहीतर चालत पाचवड गाठू.

नेहमीची जानकी असती तर एव्हाना पदर खोचून रस्त्याला लागली असती. तिनं उठायला हात टेकलाही. मग तो काढून घेतला.

“म्हणजे आता घाई नाय?” तिनं विचारलं.

“नाय.”

जानकीनं सदऱ्याची घडी नीट केली, कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.